गंजाले गंज चढते काय? वाचनालयाच्या स्टीलच्या फ्रंटची सव्वा वर्षाची गोष्ट

आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. त्यामुळे गावच्या वाचनालयाच्या दर्शनी भिंतीला स्टेनलेस स्टीलचे पत्रे लावायचं ठरलं, तेव्हा पारावरून पहिला प्रश्न आला, "काहून जी, गंजाले गंज चढते काय?" मी तेव्हा छातीठोक "नाही" म्हणून मोकळा झालो. आज कोणी विचारलं तर उत्तर थोडं लांबेल. तेच इथे लिहितोय, कारण आम्ही सुरुवात केली तेव्हा खेड्यातल्या इमारतीवर असं काम केलेला एकही माणूस विचारायला सापडला नव्हता.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटच्या बाजूचं. जमीन काळी कापसाची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. वाचनालयाची इमारत दरवर्षी तिच्यासोबत थोडी हलते. समोरची भिंत पश्चिमेला, चौतीस फूट लांब. आधी प्लास्टर तडकायचं म्हणून 2017 साली आम्ही तिच्यावर दगडी टाइल्स चिकटवल्या. 2024 च्या मे महिन्याच्या शेवटी वादळ झालं आणि वरच्या ओळीतल्या चार टाइल्स खाली सायकलींवर येऊन पडल्या. संध्याकाळचे साडेसात झाले होते, पोरं नुकतीच घरी गेली होती. दुसऱ्या दिवशी मी काठीनं बाकीच्या टाइल्स ठोकून पाहिल्या, तर निम्म्या पोकळ वाजल्या. मी वाचनालयाचा सचिव, त्यामुळे रात्रभर डोळा लागला नाही.

जूनच्या सभेत तीन गोष्टी पुढे आल्या. परत प्लास्टर आणि रंग, म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी अडतीस-चाळीस हजार. एसीपीचे पत्रे, जे आजकाल प्रत्येक मोबाइलच्या दुकानाला दिसतात. पण त्यातल्या स्वस्त प्रकारात दोन पातळ ॲल्युमिनियमच्या मधे प्लास्टिक असतं आणि ते पेटतं. पुस्तकांच्या इमारतीला ते नको, यावर सगळ्यांचं एकमत झालं. तिसरी सूचना माझ्या पुतणीची. ती नागपूरला आर्किटेक्टकडे नोकरी करते. तिचं म्हणणं, भिंतीला काही चिकटवूच नका, टांगा. भिंतीपासून दोन इंच सोडून चौकट उभी करायची आणि तिच्यावर स्टीलचे सुटे पत्रे, प्रत्येक दोन पत्र्यांत फट ठेवून. भिंत हलली तरी पत्र्याला त्याचं काही नाही. मधल्या पोकळीतून गरम हवा वर निघून जाते. वजनाचा हिशेबही तिनं मांडला. 1.2 मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला साडेनऊ किलो भरतो, आणि आमच्या पडलेल्या टाइल्स त्याच्या चौपट-पाचपट होत्या.

अध्यक्ष म्हणाले, दरवर्षी घासावं लागेल. पुतणीनं न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगचं उदाहरण दिलं. तिचा कळस 1930 सालचा, क्रोमियम-निकेलच्या स्टीलचा. त्याची मोठी धुलाई 1961 मध्ये झाली आणि नंतर थेट 1995 मध्ये. यावर अध्यक्षांनी विचारलं, "तिथं ट्रॅक्टर जातात का समोरून?" मला तो मुद्दा आजही पटतो. आमची भिंत वर्षातून दोनदा धुवावीच लागते.

गंज का चढत नाही हेही तिनंच सांगितलं. पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून त्याची एक साय धरते. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या दोन-चार भागांएवढी पातळ. ओरखडा पडला तरी हवा लागताच परत धरते. ही साय शाबूत राहिली तर आत काही होत नाही. तेव्हा मी मान डोलावली. साय कशाकशानं फाटते हे विचारायला हवं होतं.

आता कागदपत्रं. इमारत वाचनालयाची असली तरी जागा ग्रामपंचायतीची, म्हणून ना-हरकत हवी होती. संस्था नोंदणीकृत न्यास असल्यानं आधी कार्यकारिणीचा ठराव, तीन दरपत्रकं, आणि पैसे चेकनंच. सरकारी अनुदान यात वापरायचं नव्हतं. इमारत निधीची एफडी होती आणि वर्गणी होती. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय ठेवला, पण गणपूर्ती झाली नाही. 2 ऑक्टोबरच्या सभेत ठराव झाला. ठरावाची नक्कल आणि पत्र घ्यायला गेलो तो पंधरा तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली. ग्रामसेवकांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण माणूस तोच आणि सावधही तेवढाच. म्हणाले, "निवडणूक होऊन जाऊ द्या, मंग पाहू." भिंतीला पत्रा लावण्याचा आणि आचारसंहितेचा काय संबंध, हे मी दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा गप्प बसलो. पत्र 9 डिसेंबरला हातात आलं. कोणाला असं काम करायचं असेल तर ग्रामसभेच्या ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात मागून ठेवा. पुढचं सगळं त्या कागदावर अडतं.

या थांबण्याचा एक फायदा झाला. पुतणीनं फिनिशचे तीन तुकडे पाठवले होते. एक आरशासारखा, एक साधा कारखान्यातून येतो तसा, आणि एक बारीक उभ्या रेघांचा, ज्याला बाजारात मॅट म्हणतात. ते आम्ही भिंतीवर तारेनं बांधले. आठ दिवसांत समोरच्या घरच्या काकू आल्या. "संध्याकाळी ओसरीत बसवत नाही, डोये दिपतेत न बाप्पा." भिंत पश्चिमेची, मावळतीचं ऊन आरशाच्या तुकड्यावरून सरळ त्यांच्या ओसरीत. पुतणीला फोन केला तर ती हसली. लॉस एंजेलिसमध्ये फ्रँक गेरीनं बांधलेलं डिस्ने कॉन्सर्ट हॉल 2003 साली उघडलं. त्याचा काही भाग चकचकीत आणि आत वळलेल्या पत्र्यांचा होता. परावर्तित उन्हानं समोरच्या फ्लॅटमधले लोक हैराण झाले आणि 2005 मध्ये ते पत्रे घासून मॅट करावे लागले. आमच्या काकूंचं नाव त्या यादीत यायला नको म्हणून मॅट नक्की केलं. रेघा उभ्याच ठेवायच्या, म्हणजे धूळ अडकत नाही आणि पावसाबरोबर खाली उतरते.

जानेवारी 2025 मध्ये फॅब्रिकेटरशी करार केला. शंभराचा स्टॅम्प पेपर बंद झाल्यामुळे पाचशेचा घ्यावा लागला. त्यात एक ओळ पुतणीनं हट्टानं घालून घेतली: पत्रा 304 ग्रेडचाच (म्हणजे भरपूर निकेल असलेलं, बाहेर टिकणारं स्टेनलेस), आणि तपासणीत वेगळा निघाल्यास परत. या ओळीनं आमचे पैसे वाचवले.

नागपुरात इतवारीच्या लोहा ओळीत दोन दिवस फिरलो. एका दुकानदारानं 304 म्हणून किलोमागे दोनशे रुपये सांगितले, इतरांपेक्षा पंचवीसनं कमी. मी चेहरा तसा केला असणार, कारण त्यानं लगेच गल्ल्यातून लोहचुंबक काढलं आणि पत्र्याला लावलं. चुंबक खाली घसरलं. "पाहा काका, चिपकत नाही. ओरिजनल." मला ते पटलंही. पण बाहेर आल्यावर पुतणीनं फोनवर सांगितलं की 202 ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. त्यात महागाचं निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, दिसायला तसंच, चमकायला तसंच. उलट अस्सल 304 चा पत्रा वाकवला की घडीच्या जागी किंचित चुंबक धरतो. म्हणजे चुंबकाच्या भरवशावर राहिलो असतो तर खरा माल परत करून खोटा घरी आणला असता.

दोन दुकानांतून बोटभर तुकडे घेतले आणि एका तपासणी लॅबमध्ये गेलो. तुकड्यामागे जीएसटी धरून 944 रुपये. तिथल्या पोरानं पिस्तुलासारखं यंत्र तुकड्यावर टेकवलं, काही सेकंदांत आकडे आले. पहिला तुकडा: निकेल 4.2 टक्के, मँगनीज 8.1. दुसरा: क्रोमियम 18.2, निकेल 8.1, मँगनीज सव्वा. 304 ला निकेल निदान आठ आणि मँगनीज दोनच्या आत लागतं. स्वस्त माल 202 निघाला. घरात आत लावला असता तर चालून गेला असता. पावसात, उन्हात आणि समोरून जाणाऱ्या खताच्या गाड्यांसमोर तो टिकला नसता. दुसऱ्या दुकानातून मॅट फिनिशचे, वर पीव्हीसीची प्लास्टिक फिल्म चिकटवलेले सतरा पत्रे घेतले, आठ बाय चार फुटांचे. काट्यावर 481 किलो भरले. 225 च्या दरानं 1,08,225 आणि वर अठरा टक्के जीएसटी, मिळून 1,27,705. लाखाच्या वर माल असल्यानं ई-वे बिल लागलं. बिलावर नुसतं "एसएस शीट" लिहू देऊ नका. ग्रेड, जाडी, फिनिश आणि हीट नंबर (कारखान्यातल्या त्या ओतीचा क्रमांक) लिहून घ्या, आणि त्याच हीट नंबरचं मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे कारखान्याचा तपासणी दाखला, मागा. पत्रे आल्यावर त्यातल्या एकाचा कोपरा मी परत लॅबमध्ये नेऊन तपासला. दुकानदाराला राग आला. येऊ दे.

फेब्रुवारीत हिंगणा एमआयडीसीत लेझर कटिंग आणि बेंडिंग झालं. प्रत्येक पत्रा उभा दोन भागांत चिरायचा आणि चारी कडा इंचभर आत मोडायच्या, म्हणजे खोक्याच्या झाकणासारखा आकार येतो. सपाट पातळ पत्रा उन्हात पाण्यासारखा लाटा मारताना दिसतो. कडा मोडल्या आणि रुंदी कमी ठेवली की ते पुष्कळ कमी होतं. पत्र्यावरच्या प्लास्टिकच्या फिल्मवर बाण छापलेले असतात. ते सगळे एकाच दिशेला हवेत, नाहीतर एकाच गठ्ठ्यातले पत्रे भिंतीवर दोन रंगांचे दिसतात. दाराच्या वरची आडवी पट्टी कापताना कारागिरानं पत्रा वाचवायला रेघा आडव्या घेतल्या. ती पट्टी आजही वेगळी दिसते, सकाळी जरा काळपट. आम्ही तिच्याकडे बघत नाही.

मार्चमध्ये जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपची चौकट भिंतीत अँकर मारून बसवली. नागपूर भागासाठी आयएस 875 मध्ये, म्हणजे इमारतीवरच्या भाराच्या भारतीय मानकात, वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलेला आहे, त्या हिशेबानं एका स्ट्रक्चरल इंजिनिअरनं दर दोन फुटांवर ब्रॅकेट सांगितलं. मिस्त्रीला ते फार वाटलं. मला सायकलींवर पडलेल्या टाइल्स आठवत होत्या. चौकट आणि पत्रा यांच्यामधे सगळीकडे रबरी पट्टी टाकली, आणि स्क्रूही स्टेनलेसचेच. झिंकचा स्क्रू चार रुपयांनी स्वस्त पडतो, पण एवढ्या मोठ्या स्टीलच्या पत्र्यात तो एवढासा स्क्रू बसवला की पावसाच्या ओलीत आधी स्क्रूच खाल्ला जातो. वायरमनकडून चौकटीला अर्थिंगही करून घेतलं.

पत्रे चढवताना गावातली निम्मी माणसं समोर उभी. "लायब्ररीले भांडे लावून राहिले," हे वाक्य मी त्या पंधरा दिवसांत शंभरदा ऐकलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक गंमत झाली. दुपारी अडीच-तीनला वाचनकक्षात भिंतीतून "टक्" असा मोठा आवाज यायचा, संध्याकाळी परत एकदा. मुलींनी त्या कोपऱ्यात बसणं सोडलं. पुतणी रविवारी आली आणि तिनं पत्र्याला हात लावून आवाजाची जागा शोधली. आठ फुटांचा पत्रा थंडीतल्या पहाटेपासून एप्रिलच्या तापलेल्या दुपारपर्यंत साठ अंशांच्या फरकानं अडीच मिलिमीटर वाढतो. 304 साध्या लोखंडापेक्षा जास्त फुगतं. म्हणून वरची भोकं गोल आणि खालची लांबट ठेवतात, आणि लांबट भोकातला स्क्रू अर्धा फेरा सैल सोडतात. एका पोरानं कामात हयगय नको म्हणून तोही करकचून आवळला होता. अर्धा फेरा सोडला, भूत गेलं.

आता त्या सायीकडे येतो.

फिल्म काढायची कधी, यावर दोन मतं होती. मिस्त्री म्हणाला, सगळं काम होईपर्यंत राहू द्या, पत्रा जपतो. ऐकायला बरोबर वाटलं. पण आमच्याकडचा एप्रिल म्हणजे काय ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. तीन आठवडे पश्चिमेच्या उन्हात भाजलेली ती फिल्म महिनाअखेरीस काढायला घेतली तर चिंध्या-चिंध्या होऊन निघाली, आणि गोंद पत्र्यावर तसाच. चार दिवस थिनर आणि जुन्या सुती साड्यांचे तुकडे घेऊन आम्ही पाच जण घासत होतो. फिल्म पत्रा चढवल्यावर आठवडाभरात काढा, सावलीच्या वेळी, आणि पुढे काम असेल तर वर साधं प्लास्टिक बांधा.

याच दिवसांत शेजारी कंपाउंडचं लोखंडी गेट बसत होतं. वेल्डर ग्राइंडर मारत होता आणि ठिणग्या उजव्या बाजूच्या पत्र्यांवर जात होत्या. मी तिथेच उभा होतो, चहा पीत. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पायऱ्यांच्या टाइल्स बसल्यावर मजुरानं सिमेंटचे डाग काढायला रिवाजाप्रमाणे ॲसिड ओतलं. हे ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, आणि त्यातलं क्लोराइड त्या सायीचं सगळ्यात मोठं वैरी. पत्र्यावर थेंबही उडाला नाही असं तो शपथेवर सांगत होता. खरं असेल. नुसती वाफ पुरते.

यंदा मे महिन्यातच अवकाळीनं झोडपलं. 27 मे रोजी सकाळी कुलूप उघडायला गेलो तर उजवीकडचे तीन पत्रे तांबूस ठिपक्यांनी भरलेले, जशी कोणी चहाची चूळ मारली असावी. पायऱ्यांजवळच्या दोन पत्र्यांवर खालच्या हातभर भागात पिवळट-काळे ढग. पारावरचा प्रश्न विचारणारे गृहस्थ माझ्या आधी येऊन उभे होते. काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

पुतणीनं फोटो झूम करून पाहिले आणि दोन वेगळे आजार सांगितले. ठिपके पत्र्याचे नव्हतेच, वर चिकटलेल्या लोखंडाच्या किसाचे होते. किराणा दुकानातून दोन किलो लिंबूसत्व आणलं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. लिटरभर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम, त्यात कापड भिजवून अर्धा तास पत्र्यावर लावून ठेवायचं, मग नायलॉनच्या मऊ स्क्रबरनं रेघांच्या दिशेनं चोळायचं, आणि भरपूर पाण्यानं धुवायचं. तिसऱ्या खेपेला ठिपके गेले. भांड्याची लोखंडी घासणी चुकूनही नको, तिचे तुकडे अडकले की पुन्हा तेच. बाजारात पिकलिंग पेस्ट मिळते आणि झटकन काम करते, पण तिच्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, जे कातडीतून आत जातं. गावात, उघड्या हातांनी, पोराबाळांच्या मधे ती आणू नये. आम्ही आणली नाही.

ॲसिडचे ढग मात्र पूर्ण गेले नाहीत. तिथं साय फाटून आत बारीक खड्डे पडले होते. त्याच दिवशी खाण्याच्या सोड्याचं पाणी मारून धुतलं असतं तर कदाचित वाचले असते. घासून फिके केले, आणि बोट फिरवलं तर अजून खरखर लागते. मजुरावर मी तेव्हा फार ओरडलो. नंतर वाईट वाटलं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं.

धुण्याच्या बाबतीत एक. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, वाळलं की पांढरे ओघळ सोडतं. म्हणून भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी, मग साधं पाणी, आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसून घेणं. ब्लीचिंग किंवा फिनेलवाला भिंतीकडे फिरकू द्यायचा नाही.

शेवटची मोजणी ऑगस्टमध्ये झाली. दारं-खिडक्या वजा जाता 440 चौरस फूट. पत्रा 1,27,705, तीन तपासण्या 2,832, कटिंग-बेंडिंग 36,580, चौकट-ब्रॅकेट-रबर 52,400, मजुरी 58,000, परांची 8,500, वाहतूक 7,000, स्क्रू 6,200, आणि माझ्या चहा पीत उभं राहण्याचे, म्हणजे साफसफाईचे, 4,300. एकूण 3,03,517, चौरस फुटाला 690 च्या घरात. लेखापरीक्षकांनी दरपत्रकं, ठराव, लॅबचे कागद सगळं पाहिलं आणि फक्त लिंबूसत्वाच्या बिलावर बोट ठेवलं, "हे वाचनालयाला कशाला?"

आत उकाडा कमी झाला का, असं सगळे विचारतात. दुपारी भिंतीला हात लावला तर पूर्वीसारखा चटका बसत नाही, एवढं खरं. पण यंदाचा मे पावसातच गेला, त्यामुळे पुढचा उन्हाळा झाल्याशिवाय मी आकडा सांगणार नाही. थर्मामीटर आणून ठेवलाय.

दीड पत्रा उरला आहे, फिल्मसकट, पुस्तकांच्या कपाटामागे उभा. पायऱ्यांजवळचे दोन पत्रे कधी बदलावेसे वाटले तर म्हणून. परवा समोरच्या काकू मासिक बदलायला आल्या, त्यांना तो दिसला. वाकून त्यांनी नखानं वाजवून पाहिला.

"असाच पडून राहीन का जी? मले याचा एक गंज करून देता काय?"

गंजासाठी हा पत्रा फार जाड पडेल, असं मी त्यांना सांगितलं आहे. त्या अजून दुकानदाराचा नंबर मागतात.